सर्वांत कमी दराचा आराखडा या गावाला नको : नगरपरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सर्वसाधारण सभेत आपण जुनी मंडई आणि तिला लागून असलेले मच्छी मार्केट पाडून तिथे तीन मजली व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव मंजूर केला. संकुलाचा आराखडा करण्यासाठी वास्तुविशारद नेमण्याची निविदाही त्याच सभेत मान्य झाली. ती निविदा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे. ठराव आणि निविदा दोन्हींना माझा विरोध आहे. हा विरोध आपल्या दालनात येऊन तोंडी सांगता आला असता. पण मंडई सगळ्या गावाची आहे, तेव्हा तिच्याबद्दलचे बोलणेही गावासमोर व्हावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी इथलीच. माझे घर आपल्याच हद्दीत आहे आणि कार्यालय मंडईपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईत आर्किटेक्चरची पाच वर्षे करून, तिथेच काही काळ नोकरी करून मी सिंधुदुर्गात परतले आणि तेव्हापासून याच किनारपट्टीवर काम करते आहे. घरे, शाळांच्या वाढीव खोल्या, देवळांच्या सभामंडपांची दुरुस्ती, न्याहारी-निवासाच्या खोल्या, एखादा दवाखाना, एखादी काजू फॅक्टरी. मोठे म्हणावे असे काम क्वचित. हे काम मला मिळावे असे वाटते का, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे : हो, वाटते. आयुष्यभर ज्या गावात काम केले त्या गावाची मंडई आपल्या हातून व्हावी असे कोणत्या वास्तुविशारदाला वाटणार नाही? पण ते मला मिळाले नाही आणि नीट निवड होऊन दुसऱ्या कुणाला मिळाले, तर मी हे पत्र मागे घेईन. आपण निवड करायची वाटच बंद केली आहे, माझे भांडण त्याच्याशी आहे.

निविदेतली पहिली अट अशी की अर्जदार संस्थेची मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल काही कोटींची असावी. या जिल्ह्यात स्वतःचे कार्यालय चालवणारा एकही वास्तुविशारद या अटीत बसेल असे मला वाटत नाही. आमचा व्यवसाय कसा चालतो हे आपल्याला ठाऊक असेल असे मी धरून चालले होते, पण अट वाचल्यावर ते सांगणे गरजेचे वाटते. आमची बहुतेक गिऱ्हाइके मुंबईची चाकरमानी माणसे. ती मे महिन्यात येतात, जागा दाखवतात, गणपतीला येऊन नकाशा पाहतात आणि पुढच्या मेपर्यंत पैसे जमवतात. घर पुरे व्हायला तीन-चार वर्षे जातात आणि शुल्कही तसेच, हप्त्याहप्त्याने येते. पाऊस लागला की चार महिने साइट बंद. एक मदतनीस, एक ड्राफ्ट्समन आणि एक प्रिंटर एवढ्यावर चालणाऱ्या कार्यालयाची उलाढाल कोटींत कशी जाईल? उलाढाल हे ठेकेदाराच्या ताकदीचे माप आहे. त्याला यंत्रे आणायची असतात, मजूर पोसायचे असतात, बिल निघेपर्यंत पदरचे पैसे घालायचे असतात. आराखडा करणाऱ्याकडून गावाला हवी असते समज, आणि ती या मापाने मोजता येत नाही.

आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण ते आपल्याच मातीतले. १९१६ साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आर्किटेक्चर शिकला. पुढे सरकारनेच त्यांना हार्वर्डला पाठवले आणि तिथे वॉल्टर ग्रोपियस या नामवंत वास्तुविशारदाकडे शिकून ते परत आले. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर स्वतःचे कार्यालय काढले आणि साठच्या दशकात त्यांच्या आराखड्यांवर आयआयटी कानपूर उभी राहिली. कार्यालय तेव्हा काही फार जुने नव्हते. जबाबदार पदावरच्या कुणीतरी माणूस पाहिला, त्याचे आधीचे काम पाहिले आणि विश्वास टाकला. गुजरातमधल्या मेहसाण्याची त्यांची दूधसागर डेअरी पाहिलीत तर छतावर हवेचे उंच चौकोनी मनोरे दिसतील. आतल्या यंत्रांची उष्णता वर ओढून बाहेर टाकण्यासाठी ते आहेत. कारखान्यात काय चालते, तिथली हवा कशी आहे, हे समजून घेतल्यावर आलेला तो आकार आहे. मंडईला नेमके हेच हवे आहे आणि निविदेत याबद्दल एक ओळ नाही.

दुसरी अट म्हणजे पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी शुल्क मागणाऱ्याला काम. मागच्या खेपेला आपल्या एका इमारतीचे काम अशाच पद्धतीने प्रकल्पाच्या किमतीच्या एक टक्क्याहून कमी शुल्कात दिले गेले. त्या पैशांत काय काय करायचे असते पाहा : जागेची मोजणी, मातीची तपासणी करून घेणे, आराखडा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मानधन, पाणी, मलनिस्सारण आणि विजेचे नकाशे, अग्निशमनाची मंजुरी, अंदाजपत्रक, आणि काम चालू असताना साइटवर येणे. पैसे पुरत नाहीत तेव्हा या यादीतले शेवटचे काम सर्वांत आधी गळते. साइटवर कोणी येतच नाही. संगणकात आधीपासून असलेला दुसऱ्या कुठल्यातरी गावाचा नकाशा उघडायचा, प्लॉटच्या आकारात बसवायचा, नाव बदलायचे. मागच्या इमारतीच्या नकाशांच्या संचात एका पानावर दुसऱ्याच तालुक्याचे नाव राहून गेले होते. ते पान नगरपरिषदेच्या दप्तरात आजही असेल.

शुल्क घासून घासून कमी करण्याची ही चढाओढ वास्तुविशारदांची नोंदणी करणाऱ्या वास्तुविशारद परिषदेच्या व्यावसायिक आचारसंहितेलाही धरून नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लागार निवडताना गुणवत्तेला आणि खर्चाला वेगवेगळे गुण देऊन एकत्र हिशेब करण्याची पद्धत दिलेली आहे. म्हणजे कमीत कमी दर हाच एक सरकारी मार्ग आहे, दुसरे काही केले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, हे जे मला आपल्या कार्यालयात वारंवार ऐकायला मिळते, ते बरोबर नाही.

आता मंडईकडे येते. सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते तिच्याबद्दल.

निविदेला जोडलेल्या कल्पनाचित्रात तळमजल्यावर गाळे आहेत, पहिल्या मजल्यावर भाजी आणि मासळी, वर कार्यालये आणि सभागृह. दर्शनी भागाला काच आणि अॅल्युमिनियमचे पत्रे, माथ्यावर सपाट स्लॅब. मी हे चित्र छापून मच्छी मार्केटमध्ये नेले होते. तिथे पहाटेपासून बसणाऱ्या एका मावशींनी ते हातात घेऊन नीट पाहिले आणि विचारले, "माका वरच्या माळ्यार बसवल्यात तर गिऱ्हाईक वर चडतला काय?" याचे उत्तर आपल्यापैकी कुणाकडे असेल तर त्यांना जाऊन द्यावे. मासळी घेणारा माणूस दुचाकीवरून उतरतो, चार टोपल्या बघतो, घासाघीस करतो आणि निघतो. तो जिना चढत नाही. बाजार वरच्या मजल्यावर नेला की विक्रेत्या काही महिन्यांत खाली रस्त्याच्या कडेला येऊन बसतात, मग अतिक्रमण म्हणून त्यांना उठवले जाते आणि वरचा मजला रिकामा राहतो. हे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

मच्छी मार्केट हे बांधायला कठीण काम आहे. बर्फाचे खारट पाणी दिवसभर गळत असते. ते ओट्यावरून पुढे यावे की मागे जावे, यावर गिऱ्हाइकाचे पाय ओले होणार की नाही हे ठरते. ओटा किती उंच असावा? बाई मांडी घालून, विळी पायाखाली दाबून बसते आणि समोरचा उभा असतो. दोघांची नजर एका पातळीवर आली तर तिची मान दुखत नाही. फरशी गुळगुळीत घातली तर खवल्यांवरून माणूस घसरतो, खरखरीत घातली तर धुतली जात नाही. गटाराला खवले अडवणारी जाळी लागते आणि ती रोज काढून साफ करता येईल अशी लागते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा येतो. तो आत येऊन वरून बाहेर गेला पाहिजे, नाहीतर वास कोंडतो. काचेच्या दर्शनी भागाने नेमका हाच वारा अडतो.

आणि पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा आणि जूनपासून आडवा मारणारा. आपल्या जुन्या मंडईचे छप्पर उतरते आहे, मंगलोरी कौलांचे आहे आणि पागोळी भिंतीपासून चांगली लांब पडते, म्हणून तिच्या जांभ्याच्या भिंती गिलाव्याशिवाय इतके पावसाळे उभ्या आहेत. सपाट स्लॅब इथे गळतो आणि मग त्यावर पत्र्याची शेड चढते. जिल्ह्यातल्या सरकारी इमारती डोळ्यांसमोर आणा. किती स्लॅबांवर मागाहून पत्रे आले आहेत? एकाच इमारतीला दोन छपरांचा खर्च.

समुद्र मंडईपासून दूर नाही. खारी हवा काँक्रीटमधून आत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि आतून काँक्रीटचे पापुद्रे उडवतो. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारपट्टीच्या हवेतले काँक्रीट 'तीव्र' प्रकारात धरले आहे. त्याला किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण लागते. आपल्या प्राथमिक अंदाजपत्रकात एम २५, म्हणजे त्याहून कमी ताकदीचे काँक्रीट धरले आहे. हे मी लेखी कळवले होते आणि मला पोचही मिळालेली नाही. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा या जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या मनाला यातना झाल्या. त्याची जबाबदारी ठरवणे माझे काम नाही. पण या किनाऱ्यावर जे काही उभारायचे त्यात वारा, खार आणि पाऊस यांचा हिशेब सर्वांत आधी व्हावा, एवढे तरी त्यानंतर आपण सगळ्यांनी मान्य केले असेल असे मला वाटत होते.

हे सारे मी पुस्तकातून शिकले नाही. बरेचसे या गावातल्या सुतारांनी आणि गवंड्यांनी शिकवले. खाणीतून नुकता काढलेला जांभ्याचा चिरा करवतीने कापता येतो आणि हवेवर राहून तो टणक होत जातो. म्हणून कुठल्या खाणीचा चिरा कुठल्या भिंतीला घ्यायचा आणि किती दिवस सुकू द्यायचा, हे ज्याला कळते त्याला गिलाव्यावर खर्च करावा लागत नाही. वाशांना किती उतार द्यायचा, कोनवासा कुठे घ्यायचा, वळचणीला पाणी कसे फिरते, हे वृद्ध सुतार जमिनीवर खडूने रेघ ओढून सांगत. त्यांच्यातले फार थोडे आता काम करतात. गावात सार्वजनिक काम निघाले की त्यांच्या मुलांना आणि नातवांना ते काम करायची, शिकायची संधी असते. काच आणि अॅल्युमिनियमचे काम बाहेरचा ठेकेदार बाहेरच्या माणसांकडून करून घेतो. त्या संकुलात या गावाच्या कारागिराला करण्यासारखे काही उरत नाही.

एक तक्रार माझ्या वैयक्तिक व्यवसायाशी निगडित आहे, तीही मांडते. काही वर्षांपूर्वी नगरपरिषदेच्या एका इमारतीचा आराखडा माझ्याकडून मागवला गेला. निधीचा प्रस्ताव वर पाठवायचा आहे, तेवढ्यापुरते नकाशे द्या, काम मंजूर झाले की रीतसर नेमणूक करू, असे सांगण्यात आले. गावाचे काम म्हणून मी नकाशे, विवरण आणि अंदाजपत्रक दिले. निधी आला, निविदा निघाली, काम दुसऱ्याला गेले आणि माझे नकाशे दुसऱ्याच्या शिक्क्याखाली वापरले गेले. बांधताना पागोळी आखूड केली, वाचनकक्षाच्या खिडक्या पश्चिमेला फिरवल्या. पहिल्याच पावसात पुस्तके भिजली आणि लोक मला विचारू लागले, मॅडम, तुम्हीच केले ना हे? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वास्तुरचना ही कलाकृती मानली आहे आणि कर्त्याला ती रचना आपली आहे असे सांगण्याचा हक्क दिला आहे. मी कोर्टात गेले नाही. राहायचे इथेच, काम करायचे इथेच, तेव्हा छोट्या गावातला व्यावसायिक सहसा जात नाही. पण असे अनुभव या जिल्ह्यातल्या माझ्या इतर सहकाऱ्यांनाही आले आहेत, आणि 'प्रस्तावापुरते नकाशे' ही प्रथा बंद झाली पाहिजे.

कायद्याचेही पाठबळ आम्हाला मर्यादितच आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' या पदनामाला संरक्षण दिले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संरक्षण आहे ते पदनामाला, प्रत्यक्ष कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेल्यालाही आराखडा करता येतो, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही इतकेच. निर्णय मान्य आहे. पण त्यामुळे निवड करणाऱ्याची जबाबदारी वाढते. जे कायदा करत नाही ते आपल्याला करावे लागेल : कोण काय जाणतो हे तपासून पाहणे.

केरळात हे झाले आहे. लॉरी बेकर हे तिथे विटा आणि चुन्याची साधी, स्वस्त घरे बांधणारे वास्तुविशारद होते. मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्या काळात तिरुवनंतपुरमच्या उल्लूर येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचा परिसर त्यांच्या हातून उभा राहिला. विटांच्या जाळीदार भिंती, झाडे न तोडता वळवलेल्या इमारती, स्थानिक गवंडी. पुढे १९८५ मध्ये अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि बेकर यांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था काढली आणि ती बांधणी गावोगाव नेली. तिथल्या राजकारण्यांनी आपल्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाचे ज्ञान वापरले. आपल्यालाही ते करता येईल. अगदी एका मंडईपासून.

आपल्या तालुक्यातली मुले आज पणजीला, कोल्हापूरला, मुंबईला आर्किटेक्चर शिकतात. सुट्टीत माझ्याकडे येतात, जुन्या घरांची मापे घेतात, डोळ्यांत उत्साह असतो. पदवी झाली की पुण्याच्या मोठ्या कार्यालयात दुसऱ्यांच्या इमारतींची संगणकचित्रे रंगवायला बसतात. परत या, असे मी त्यांना सांगत आले. मागच्या वर्षी एकीने विचारले, "परत येऊन मला गावाचे एखादे तरी काम मिळेल का?" आपली निविदा वाचल्यावर मला तिला प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येत नाही. याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. मंडई पाडण्याचा ठराव स्थगित करावा. आधी त्रयस्थ तज्ज्ञाकडून इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी आणि अहवाल सूचनाफलकावर लावावा. छप्पर बदलून आणि पाण्याचा निचरा सुधारून ती टिकत असेल तर ती टिकवावी. पाडावीच लागली तर त्याआधी तिची संपूर्ण मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत. हे काम मी आणि माझ्याकडे येणारे विद्यार्थी विनामोबदला करू, आणि आमच्या नावानिशी ते दप्तरात ठेवावे.

२. सल्लागार नेमणुकीची निविदा रद्द करावी, उलाढालीची अट काढावी. त्याऐवजी वास्तुविशारद परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुली आराखडा स्पर्धा घ्यावी. परीक्षकांत बाहेरचे दोन अनुभवी वास्तुविशारद, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि विक्रेत्यांची एक प्रतिनिधी असावी. स्पर्धा शक्य नसेल तर गुणवत्ता आणि खर्च दोन्हींना गुण देणारी पद्धत वापरावी आणि किनारपट्टीवरच्या, पावसाळी प्रदेशातल्या कामाच्या अनुभवाला त्यात ठळक वजन द्यावे.

३. आराखडा ठरण्याआधी मासळी आणि भाजी विकणाऱ्या बायांची सुनावणी घ्यावी, मंडईतच, आणि त्यांच्या सोयीच्या वेळी. मासळी आणि भाजी तळमजल्यावरच राहील असा ठराव करावा. काम चालू असताना पावसाळ्यात त्या कुठे बसणार हे कार्यादेश देण्याआधी ठरलेले असावे.

४. काँक्रीटचा दर्जा आणि सळईवरचे आवरण मानकाप्रमाणे अंदाजपत्रकात धरावे आणि सुधारित अंदाजपत्रक जाहीर करावे.

५. वास्तुविशारदाच्या साइटभेटी करारात लिहाव्यात, त्यांचे मानधन वेगळे द्यावे आणि प्रत्येक भेटीची नोंद साइटवरच्या वहीत व्हावी.

६. प्रस्तावासाठी कुणाकडूनही फुकट नकाशे घेऊ नयेत. घेतले तर लेखी पत्र देऊन घ्यावेत, आणि वापरले तर त्याचे नाव आणि मोबदला दोन्ही द्यावे.

निविदा भरण्याची मुदत अजून संपलेली नाही, म्हणजे ती मागे घेणे आज सोपे आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मला, तसेच जिल्ह्यातल्या इतर वास्तुविशारदांना म्हणणे मांडायला वेळ द्यावा. काँक्रीटबद्दलच्या माझ्या आधीच्या पत्राची प्रत आणि जुन्या मंडईचे मी केलेले मोजणी-नकाशे या पत्रासोबत आवक-जावक विभागात देत आहे. त्याची पोच मिळावी.

कळावे,

आपल्याच हद्दीत राहणारी आणि काम करणारी,
एक वास्तुविशारद